लहान खोलीच्या पानावरचं कोणीतरी

१

कंपनीत तिला सगळे आकडेवाली म्हणत. नाव ठेवलं होतं ऑफिसातल्या काकूंनी, आणि काकूंनी ठेवलेलं नाव कुणाला पुसता येत नसे. काम तसंच होतं तिचं. सकाळी पर्स खुंटीला लावायची, खुर्ची पुढे ओढायची आणि कंपनीच्या वेबसाइटवर काल किती माणसं आली, कुठून आली, कुठल्या पानावर रेंगाळली, कुठे कंटाळून निघून गेली, ते बघायचं. मग मालकांच्या केबिनमध्ये जाऊन सांगायचं की हे बटण वर घ्या, तो फोटो मोठा करा, हा परिच्छेद कुणी वाचत नाही, काढून टाका. मालक एरवी कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत. पण ती दारात दिसली की हातातलं काम ठेवून विचारायचे, "काय म्हणतात आकडे?" आणि आकडे म्हणतील ते करायचे.

कंपनी लहान घरांसाठी भिंतीतली कपाटं बनवायची. दोन वर्षांपूर्वी साइट नव्याने केली तेव्हा दाखवायला घरच नव्हतं. तिच्याकडे तेव्हा नुकतीच कपाटं बसवलेली. मालकांनी विचारलं, आणि तिनेही हौसेने हो म्हटलं. फोटोवाला येऊन दिवसभर घरभर फिरला. त्यामुळे साइटवर चार पानं होती आणि चारही तिच्या घराची होती. बैठक, स्वयंपाकघर, बोळ, आणि शेवटी लहान खोली. लहान खोली म्हणजे तिच्या मुलीची. मुलगी सहा वर्षांची, पेन्सिली कुरतडायची म्हणून घरात तिला खारू म्हणत. फोटोत खारू नव्हती, फक्त खोली होती. खिडकीखाली पलंग, समोरच्या भिंतीत कपाट, कोपऱ्यात अभ्यासाचं टेबल.

लोक पानावर जिथे क्लिक करतात तिथे तिच्या नकाशावर लाल ठिपका उमटायचा. ठिपके दाटले की काकू म्हणायच्या, "पुरळ उठली बघ." कंपनीचा एक नियमच होऊन बसला होता. पुरळ उठेल तिथे काहीतरी द्यायचं. एकदा लोक फोटोतल्या दिव्यावर क्लिक करत सुटले, तर मालकांनी दिव्याची माहिती टाकली. कपाटाच्या मुठीवर पुरळ उठली, तर मुठींचं वेगळं पान काढलं. विक्री वाढली. मग कोण शंका घेतंय.

एका मंगळवारी लहान खोलीच्या पानावर पुरळ उठली. ती दिव्यावर नव्हती, मुठीवर नव्हती, कपाटावरही नव्हती. पलंगाच्या उशाकडे, पलंग आणि टेबल यांच्यामध्ये जी वीतभर मोकळी जागा होती, तिथे उठली होती.

२

"तिथे काय आहे?" मालकांनी विचारलं.

"काही नाही. फरशी आहे."

"लोक क्लिक करतायत म्हणजे काहीतरी असणार. फोटो जवळून दाखवा."

दाखवला. खोलीचा तोच फोटो कापून मोठा केला, त्यामुळे ती मोकळी जागा पानावर डावीकडे सरकली. पुरळही तेवढीच डावीकडे सरकली. यात नवल नव्हतं. नवल पुढे होतं. तिने एकेक भेट उलगडून बघितली तेव्हा लक्षात आलं की ते लोक नव्हतेच, एकच जण होता. साइटवर येणाऱ्या प्रत्येकाला यंत्र एक लांबलचक क्रमांक देतं, नावगाव काही नसतं. हे सगळे ठिपके एकाच क्रमांकाचे होते. रोज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तो यायचा आणि चार-पाच मिनिटांनी जायचा. कुठून आला या रकान्यात यंत्र म्हणायचं, थेट, म्हणजे मधल्या कुठल्याही लिंकशिवाय. शहराचा रकाना रिकामा.

असतात असेही. शहर दाखवू न देणारे कितीतरी असतात. तिने चहा संपवला आणि त्या भेटीचं रेकॉर्डिंग लावलं. येणाऱ्याचा बाण पानावर कसा कसा फिरला ते त्यात दिसतं. माणसांचे बाण कसे फिरतात ते तिला पाठ होतं. झपकन खाली, झपकन वर, चुकून जाहिरातीवर, मग घाईने बाहेर.

हा बाण फोटोच्या उजव्या कडेने आत आला. तिथे खोलीचं दार होतं. दारात थोडा थांबला. मग फरशीवरून, भिंतीच्या कडेकडेने, सावकाश पुढे सरकला. मध्ये पलंग होता. बाणाने पलंगाला वळसा घातला आणि उशापाशी जाऊन थांबला. तिथे चार मिनिटं तो हलला नाही, फक्त अधूनमधून एक क्लिक.

तिने रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. चित्रातल्या पलंगाला वळसा कोण घालतं? बाणाला काय पलंगाची ठेच लागणार होती?

"काकू, जरा बघता?" तिने हाक मारली. काकू गिऱ्हाइकांचे फोन घ्यायच्या, शेजारच्याच टेबलावर. त्या चष्मा सावरत वाकल्या, बघितलं.

"कुणीतरी म्हातारं असेल गं," त्या म्हणाल्या. "माऊस धरता येत नसेल नीट. मी नव्हते का पहिले सहा महिने अशीच?"

तिला ते पटलं. निदान त्या दिवसापुरतं तरी.

३

पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. आपल्या पोरीच्या खोलीत कुणीतरी रोज येऊन तिच्या उशापाशी थांबतंय, मग ते चित्रात का असेना, आईला झोप लागेल का? ती सगळ्यांकडे संशयाने बघायला लागली. पहिला नंबर फोटोवाल्याचा. तिने त्याला फोन करून आडवळणाने विचारलं की ते फोटो आणखी कुणाला दिलेत का. तो बिचारा म्हणाला, ताई, मला आता तुमचं घरही आठवत नाही. मग कपाट बसवणारा सुतार. तो दोन वर्षांपूर्वीच दुसरीकडे कामाला गेलेला, आणि त्याच्याकडे साधा बटणांचा फोन. मग शाळेच्या रिक्षाचा चालक, वरच्या मजल्यावरचा विद्यार्थी, पाणी तपासायला आलेला माणूस. एकेक नाव काढायचं आणि एकेक खोडायचं.

शेवटी नवरा उरला. तो इस्पितळाच्या प्रयोगशाळेत होता, रक्ताच्या नळ्या तपासायचा, आणि त्याची दुपारची सुट्टी तीनला व्हायची. नवऱ्यावर संशय घेताना तिला लाज वाटली, पण घेतला. तो अंघोळीला गेला असताना तिने त्याचा मोबाइल उघडून त्याने काय काय बघितलं ते चाळलं. क्रिकेट, क्रिकेट, गुडघेदुखीवर व्यायाम, क्रिकेट. बाहेर आल्यावर त्याला मोबाइल जागचा हललेला दिसला.

"काय शोधतेयस?"

"काही नाही. वेळ बघत होते."

"भिंतीवर एवढं मोठं घड्याळ आहे की." तो टॉवेलने डोकं पुसत तिच्याकडे बघत राहिला. "काय झालंय तुला? चार दिवस बघतोय, माझ्याकडे अशी बघतेस, जणू मी शेजाऱ्याची सायकल चोरून आणलीय."

तिने मग सांगून टाकलं. तो हसला नाही, हे त्यातल्या त्यात बरं. म्हणाला, फोटो काढून टाक, विषय संपला. मालकांना विचारलं, तर ते म्हणाले, "सगळ्यात जास्त वेळ बघितलं जाणारं पान काढायचं? तुम्हीच सांगता ना की लोक थांबतात ते पान सोन्याचं? आठवडाभर बघू या."

४

आता ती बाई काही वेडी नव्हती. आकडे बघून बघून तिला एक शिस्त लागली होती. शंका आली की एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि काय होतं ते बघायचं. तिने अर्ध्या दिवसाची रजा काढली. नवरा कामावर, खारू शाळेत. कुणाला काही बोलली नाही. घरी येऊन दार लावलं आणि खारूचा पलंग ओढत ओढत खिडकीखालून काढून समोरच्या भिंतीला, कपाटाच्या बाजूला लावला. घामाघूम झाली. साइटवरचा फोटो दोन वर्षांपूर्वीचा होता, त्यात पलंग खिडकीखालीच होता. आता चित्र वेगळं आणि खोली वेगळी, आणि हे जगात फक्त तिला ठाऊक होतं.

तीन वाजता ती लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली. तिथून बोळ दिसायचा आणि बोळाच्या टोकाला खोलीचं अर्धं दार. फ्रिज गुरगुरत होता. खाली कुणीतरी गाडी पुढे-मागे करत होतं, लागत नव्हती वाटतं. तीन वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर ओळ उमटली. लहान खोलीच्या पानावर आत्ता एक जण.

बाण उजव्या कडेने आत आला. दारात थांबला. मग चित्रातल्या पलंगावरून सरळ, आरपार पुढे गेला, जणू तिथे पलंग नव्हताच. आणि समोरच्या भिंतीपाशी, जिथे चित्रात नुसती मोकळी फरशी होती, तिथे मोकळ्या जागेला त्याने नीट वळसा घातला आणि उशाच्या बाजूला जाऊन थांबला.

तिला पहिला विचार आला की घरात कॅमेरा आहे. कुणीतरी कॅमेरा लावलाय आणि बघतोय. तो विचार तिला अगदी हवाहवासा वाटला, कारण कॅमेरा म्हणजे माणूस, आणि माणसाला पोलीस आहेत. त्याच विचाराला धरून ती उठणार होती, तेवढ्यात बोळाच्या टोकाकडून पलंगाची फळी वाजली. पलंगाच्या कडेला कुणी बसलं की वाजते तशी, एकदाच. गाडी लागली होती, खाली आता सामसूम होती, त्यामुळे आवाज चांगला ऐकू आला.

ती जागची हलली नाही. हे मागाहून तिला फार लागलं, की मुलीची खोली आणि आपण हललो नाही. पडद्यावरची ओळ पुसली गेल्यावर मात्र ती गेली. खोलीत कुणी नव्हतं. कपाटाच्या वर, दिव्याच्या मागे, टेबलाखाली, पडद्याच्या दांडीत, सगळीकडे तिने कॅमेरा शोधला. चादरीवर हात फिरवला. चादर चादरीसारखीच होती.

५

दुसऱ्या दिवशी तिने कुणाला न विचारता ते पान काढलं. बैठक, स्वयंपाकघर, बोळ, तेही काढलं. त्यांच्या जागी नुसत्या कपाटांची रेखाचित्रं टाकली.

पान काढलं की त्या पत्त्यावर येणाऱ्याला एक कोरं पान दिसतं, त्यावर लिहिलेलं असतं, हे पान सापडलं नाही. माणसं ते वाचून दोन सेकंदांत निघून जातात. बुधवारी दुपारी त्या कोऱ्या पानावर एक जण अकरा मिनिटं थांबला. गुरुवारी एकोणीस मिनिटं. बाण पांढऱ्यावर सावकाश फिरत होता, कडेकडेने, भिंत चाचपडावी तसा. शुक्रवारी कुणी आलंच नाही. शनिवारीही नाही. तिला वाटलं, सुटलो.

सोमवारी मालकांनी तिला बोलावलं. ते चिडले होते, आणि चिडायला कारणही होतं. "तुम्ही मला न सांगता चार पानं काढता? तुम्हाला मी काय शिकवणार? साइटवर हवं ते दिसलं नाही, तर माणूस काय करतो? तुमचाच रिपोर्ट आहे. थेट आपल्या दुकानात येतो. काल दुकानात गर्दी, आणि तिथे सांभाळायला माणसं नाहीत."

ती तिथेच उभी राहिली. मालक आणखी काय काय बोलत होते ते तिच्या डोक्यात शिरेना. गेले दोन दिवस खारू अभ्यासाची वही घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसत होती. काल तिने खारूला विचारलं होतं, "टेबल आहे ना तुझं खोलीत?"

"तिथे जागा नाही," खारू म्हणाली होती, पेन्सिल चावत.

"एवढी खोली आहे, जागा कशी नाही?"

"नाही ना पण."

आईने ते हसण्यावारी नेलं होतं. आता पोट बिघडलंय म्हणून सांगून ती निघाली. खारूच्या शाळेला त्या दिवशी सुट्टी होती, नवऱ्याने पाळी बदलून घेतली होती. घरात शिरली तर नवरा सोफ्यावर डुलक्या घेत होता. घड्याळात सव्वातीन वाजलेले. बोळातून ती खोलीपर्यंत गेली. दार अर्धवट उघडं होतं.

खारू कपाटाला पाठ लावून उभी होती. पोट आत ओढून, टाचा जुळवून, हात अंगाशी धरून. अरुंद जिन्यात समोरून कुणी आलं की आपण त्याला जाऊ द्यायला जसं अंग चोरून उभं राहतो, तशी. ती कशाकडेच बघत नव्हती, नुसती वाट बघत होती. आणि पलंगावर, उशाच्या बाजूला, गादी दबलेली होती. नुसती चुरगळलेली नव्हे. खोल, आणि दबलेलीच राहिलेली.

ती आत गेली नाही. तिने मोबाइल काढला, साइटच्या आत शिरली आणि लहान खोलीचं पान परत लावलं. मोबाइलवर ओळ उमटली. आत्ता एक जण. तिने दाराच्या फटीतून बघितलं. गादी हळूहळू वर आली. खारूने श्वास सोडला, वळली, आई दिसली तशी म्हणाली, "तू लवकर कशी आलीस?"

६

मुलीला तिने आजीकडे धाडायचं ठरवलं, मग स्वतःच रद्द केलं. ते खोलीला चिकटलंय की खारूला, हे तिला माहीत नव्हतं, आणि ते करून बघायची हिंमत नव्हती. फोटो आहे तोवर ते फोटोतून येऊन जातं, खोलीत मुक्काम करत नाही, एवढंच तिला कळलं होतं. पण फोटो काय जन्मभर राहतो? उद्या साइट बंद पडेल, मालक कंपनी विकतील, मग? रात्रंदिवस तिला हाच घोर लागला होता.

आणि मग तिला तिचंच काम आठवलं. आठ वर्षं ती करत काय आली होती? माणसांना एका पानावरून दुसऱ्या पानावर न्यायचं. एकदम नेलं तर बिथरतात. आधी एक लहानशी लिंक द्यायची, मग जुना फोटो थोडा लहान करायचा, नवा थोडा मोठा. दोन आठवड्यांत लोक आपण होऊन नव्या पानावर जायला लागतात आणि जुनं विसरतात. त्यांना वाटतं, आपणच निवडलं.

फक्त नवी खोली हवी होती. आणि ती खरी हवी, हे तिला आतून कळत होतं. दुकानातल्या मांडणीचा फोटो तिने लावून बघितला होता. बाण तिकडे फिरकलाही नव्हता.

"खोली पाहिजे का फोटोला?" काकू म्हणाल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, किंवा नसेलही, काकूंना सगळं कळायचंच. "माझी घे की. मलाही आपलीच कपाटं बसवलीत. एकटीचं घर, कायम आवरलेलं. पसरायला आहे कोण?"

काकूंचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. आकडेवालीच्या बाळंतपणात त्या रोज संध्याकाळी येऊन बसायच्या. खारूला पहिलं झबलं त्यांनी शिवलेलं.

"नको काकू, उगाच तुम्हाला त्रास," ती म्हणाली.

"त्रास कसला? चार लोकांनी बघितलं तर बघू देत. मी तरी कुठे रोज बघते कुणाला?"

ती नको म्हणाली ते एकदाच. दुसऱ्यांदा म्हणाली नाही. त्या दिवशी घरी जाताना तिने मनाशी हिशेब मांडला, की हे सगळं माझ्या डोक्यातलं खूळ असेल, तर काकूंच्या खोलीचा फोटो लावल्याने कुणाचं काय बिघडतं. आणि खूळ नसेल तर, या वाक्याचा पुढचा अर्धा भाग तिने पुरा केला नाही. रविवारी स्वतः जाऊन फोटो काढून आणले.

लहान खोलीच्या पानाखाली ओळ दिली, अशीच आणखी एक खोली. पहिले तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी बाण त्या ओळीपाशी जाऊन थांबला. पाचव्या दिवशी क्लिक. दहाव्या दिवशी तो खारूच्या खोलीत अर्धं मिनिट आणि काकूंच्या खोलीत पाच मिनिटं होता. तेराव्या दिवशी खारूच्या खोलीत आलाच नाही.

खारू टेबलाशी बसून अभ्यास करायला लागली. पाय हलवत, गुणगुणत.

७

"तुला एक गंमत सांगू?" काकू एका सकाळी म्हणाल्या. "हल्ली घरात एकटं वाटत नाही बघ."

ती बघत होती पडद्याकडे. तिने मान वळवली नाही.

"म्हणजे कसं?"

"सांगता येत नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी जरा आडवी झाले की वाटतं, कुणीतरी उशाशी बसलंय. आधी दचकले. मग म्हटलं, बसू दे. आमचे हे बसायचे तसेच, मी आजारी असले की." काकू हसल्या, पण त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या, बाजूला कुणाला जागा ठेवावी तशा. डोळ्यांखाली काळं आलं होतं. "वय झालं गं माझं, दुसरं काय."

"डॉक्टरांना दाखवा ना काकू."

"दाखवते की."

काकूंच्या पानावरचा वेळ वाढत होता. पाच मिनिटांची वीस झाली, विसाची चाळीस. आता ठरलेली वेळही उरली नव्हती. आठवड्याच्या दिवसांत सकाळी काकू कामावर निघेपर्यंत तो तिथे असायचा. गेल्या रविवारी दुपारी बारा ते सहा. मालक खूश होते. एका पानावर एक गिऱ्हाईक सहा तास, त्यांनी असं आयुष्यात बघितलं नव्हतं. "हा माणूस नक्की घेणार," ते म्हणाले. "फक्त त्याला विचारा की अडलंय कुठे. पानाखाली एक प्रश्न टाका."

तिने ते पान काढायचा विचार केला. खरंच केला, खोटं कशाला बोला. दोनदा बोट बटणावर नेलं. पण पान काढलं तर ते कोऱ्या पानावर येणार, दोन दिवस चाचपडणार, आणि मग थेट जाणार, आणि कुणाच्या घरी जाणार ते कोण सांगणार? काकूंच्या की जुन्या ओळखीच्या? तिने बोट मागे घेतलं. काकूंना घर सोडा म्हणून सांगावं, तर काय म्हणून सांगायचं? त्यांनी कारण विचारलं असतं. तिने शुक्रवारी सांगितल्याप्रमाणे पानाखाली प्रश्न टाकला. तुम्हाला हवं ते सापडलं का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

८

सोमवारी दहा वाजले तरी काकू आल्या नव्हत्या. काकू उशिरा आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यांच्या टेबलावरचा गिऱ्हाइकांचा फोन वाजत होता, वाजून वाजून बंद पडत होता.

तिने संगणक उघडला. हात सरावाने तिकडेच गेले. काकूंच्या पानावर आत्ता कुणी नव्हतं. सकाळपासून कुणी नव्हतं. शनिवारी सकाळी एक जण आला होता, तो रविवारी दुपारी चारला गेला. त्यानंतर काहीच नाही. लहान खोलीच्या पानावर काही नाही, कोऱ्या पानावर काही नाही. तो क्रमांकच कुठे दिसत नव्हता. तिने नवऱ्याला फोन लावला. खारू शाळेत नीट गेली का, रात्री नीट झोपली का, सकाळी काही म्हणाली का. "काही नाही, रोजच्यासारखी वेणी घालताना रडली," तो म्हणाला.

मग तिने प्रश्नाची उत्तरं उघडली. तीन दिवसांत एकच उत्तर आलं होतं, रविवारी दुपारी चारला.

हो.

तिचा जीव भांड्यात पडला. काय लपवायचं, तेच आधी झालं. महिनाभर छातीवर ठेवलेलं ओझं उतरलं आणि तिने डोळे मिटून श्वास घेतला. काकू तिला त्यानंतर आठवल्या.

"अहो, काकूंना फोन करा जरा," मालक केबिनच्या दारातून म्हणाले. "बऱ्या आहेत ना विचारा. नाहीतर कुणालातरी पाठवू घरी."

तिने काकूंच्या घरचा नंबर फिरवला. बराच वेळ वाजला. मग पलीकडे फोन उचलला गेला. एरवी काकू उचलताच, बोल गं, म्हणायच्या. कुणी काही बोललं नाही. पण फोन कानाशी धरलाय हे कळत होतं. पलीकडे खोली होती, खोलीत पंखा होता, आणि कुणीतरी ऐकत होतं. ती काकू म्हणाली नाही. हॅलोही म्हणाली नाही. आपला आवाज तिकडे जाऊ नये एवढंच तिला सुचलं, म्हणून तिने तोंडावर हात ठेवला. पलीकडून पलंगाची फळी वाजली, आणि तिने फोन ठेवला.

आता कुणी तिकडे गेलं, दार उघडलं, काही हललं, तर ते कुठे जाईल? ते आता तृप्त होतं. जिथे होतं तिथे होतं.

"काय म्हणाल्या?" मालकांनी विचारलं.

"बऱ्या आहेत," आकडेवाली म्हणाली. "दोन दिवस पडून राहते म्हणाल्या. कुणी येऊ नका, म्हणाल्या."

"मग ठीक," मालक म्हणाले, आणि त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं.